मस्टँगला सुपरचार्जर लावायचाय? आधी पंपावरचा आकडा नीट वाच भो

सावद्याहून एका भाऊचं पत्र आलंय. घरचा केळीचा व्यापार, मागच्या वर्षी सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली, २०१७ ची, ५ लिटरची व्ही८, ऑटोमॅटिक. आता अमेरिकेतून सुपरचार्जरचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) किट मागवायचंय, डब्यावर ६७० हॉर्सपॉवर लिहिलेलं. भाऊ लिहितो, "मेकॅनिक म्हणतो किटसोबत ९१ ऑक्टेनची ट्यून फाइल (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचं सेटिंग) येते, आपल्या पंपावरचं पेट्रोल पण ९१ चंच, मंग अडचण काय? अप्पा म्हणतात इंजिन फोडशील. गाडी आठवड्यातून दोन-तीनदा सावदा-जळगाव चालते, भर मे महिन्यातही चालते. फुटू नये म्हणून काय काय बदलावं लागेल, आधी काय, नंतर काय, आणि अप्पांना काय सांगू, तेवढं सांगा."

भाऊ, अप्पांची भीती खरी आहे, पण त्यांना वाटतंय सुपरचार्जरनं इंजिन फुटतं, तसं नसतं. इंजिन फुटतं ते पेट्रोल, उष्णता आणि ऑईल या तिघांपैकी एकाचा हिशोब चुकला की. आणि तुझ्या मेकॅनिकचा पहिलाच हिशोब चुकलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ऑक्टेन म्हणजे दाबाखाली, ठिणगीच्या आधीच स्वतःहून पेटायला पेट्रोल किती विरोध करतं त्याचा आकडा. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहिलेला असतो तो दोन वेगवेगळ्या टेस्टची सरासरी असते, रॉन आणि मॉन. आपल्याकडे लिहितात तो नुसता रॉन, आणि रॉन नेहमी मोठाच येतो. म्हणजे त्यांचं ९१ हे आपल्या मापात ९५-९६ होतं, त्यांचं ९३ म्हणजे जवळपास ९८, आणि आपलं जुनं साधं ९१ त्यांच्याकडे ८७ च्या आसपास, जे तिथे साध्या फॅमिली गाडीत भरतात. आता विचार कर, ११ कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण अकरापट दाबणारं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि फाइल बनवणाऱ्यानं धरलेलं पेट्रोल एक, टाकीत पडलेलं दुसरंच. आकडा सारखा दिसला म्हणून फाइल चालेल हे डोक्यातून काढून टाक.

तू म्हणशील आता तर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं. वाढतं, खरंय, पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ मध्ये सांगितलं की ई२० मुळे रॉन ९५ पर्यंत गेला. पण ९५ म्हणजे अमेरिकेतल्या ९१ च्या उंबरठ्यावर कसंबसं, शिल्लक काही नाही, आणि वरून इथेनॉलला पाणी ओढायची सवय, गाडी पावसाळ्यात महिना-दीड महिना अर्ध्या टाकीवर शेडमध्ये उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल खाली बसू शकतं, वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. आठवड्याला दोनदा चालवतोस म्हणून ते टळेल, पण श्रावणात गाडी उभी ठेवणार असशील तर टाकी फुल करून ठेव.

ई२० ची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ च. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलला) आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल टाकावं लागतं. साधी गाडी सेन्सरवर बघून ते जुळवून घेते, पण किटवाल्यांनी इंजेक्टर आणि टाकीतला फ्युएल पंप त्यांच्या पेट्रोलवर, फार तर १० टक्के इथेनॉल धरून मोजलेले असतात, त्यात मार्जिन आधीच ओढूनताणून, आणि फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण म्हणजे गरम पिस्टन. म्हणून किटमधले इंजेक्टर मोठे असले तरी पंप बघ. बरेच जण जुन्याच पंपाला जास्त व्होल्टेज देणारा डबा लावून भागवतात, चालतो, मी तुला मोठा पंपच टाक म्हणेन. ट्यूनरला विचार की फुल लोडवर इंजेक्टर किती टक्के उघडा राहतो. ८० च्या आत असेल तर बरं, ९० च्या वर असेल तर त्या माणसाला नमस्कार कर आणि गाडी घरी आण.

आणि वाइडबँड गेज (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारं) लावशील तेव्हा त्याचा आकडा लॅम्डामध्ये ठेव, एअर-फ्युएल रेशोमध्ये नको. रेशोवालं गेज पेट्रोलचं गणित धरून आकडा दाखवतं, आत ई२० असलं तरी ते त्याच जुन्या गणितानं बोलत राहतं. लॅम्डा म्हणजे पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा, १ म्हणजे बरोबर, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, त्याला आत कोणतं पेट्रोल आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. फुल लोडवर ०.८० ते ०.८३ च्या मधे पाहिजे.

आता उष्णता. इथे जरा थांबून वाच, कारण किट बनवणाऱ्यानं भुसावळचा मे महिना बघितलेला नाही. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपानंही कळतं. ८ पीएसआय बूस्ट (सुपरचार्जरनं वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे एकूण दाब बाहेरच्या दीडपट. जानेवारीच्या पहाटे बाहेर १२ डिग्री असताना ती हवा कॉम्प्रेसरमधून बाहेर पडते साधारण ७० डिग्रीनं. बाहेर ४५ असताना तीच हवा ११० च्या आसपास जाते. मधे ती हवा थंड करणारा इंटरकूलर आहे ना, हो आहे, पण इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि बाहेरचीच हवा ४५ आहे, त्यात खालून डांबराची धग. मंग इंजिनात जाणारी हवा ६५-७० च्या घरात राहते, नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं, तिथूनच सुरू होतं. गाडीचा कॉम्प्युटर नॉक ऐकतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पॉवर जाते. तुला वाटतं गाडी आज झोपलीय, खरं तर ती स्वतःला वाचवतेय. रोज तेच होत राहिलं आणि वर पेट्रोल हलकं पडलं की एक दिवस वाचवता येत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि हे मत आहे, दुसरा कोणी वेगळं सांगेल. तू ज्या किटवर फिदा आहेस ते इंजिनाच्या डोक्यावर, दोन हेडच्या मधल्या खोबणीत बसतं. खालून टॉर्क दणकून देतं, रस्त्यावर मजा तीच देतं. पण बसतं ते चुलीवरच. जळगावात इच्छादेवी चौक ते आकाशवाणी चौक दुपारी दोनला रांगत गेलास की सगळं धातूच तापून बसतं, मंग हायवेला लागलास तरी पाच-सात मिनिटं थंड होत नाही. खान्देशात राहून मी असतो तर सेंट्रिफ्यूगल घेतला असता, जो टर्बोसारखा गोगलगायीच्या आकाराचा असतो, बाजूला बसतो आणि बेल्टवर फिरतो. त्याचा बूस्ट आरपीएमसोबत चढतो, ट्रॅफिकमध्ये जवळपास शून्य, हवा कमी तापते, आणि काही किटमध्ये हवा-ते-हवा इंटरकूलर येतो, म्हणजे पाण्याचा पंपच नाही बंद पडायला. कमी आरपीएमला कनेक्टिंग रॉडवर एकदम धक्का पण बसत नाही. तोटा एवढाच की खालचा दणका मिळत नाही, आणि काही सेटअपमध्ये फिल्टर पुढच्या बाजूला खाली येतो. पावसाळ्यात अंडरपासमध्ये पाणी भरलेलं दिसलं तर गाडी वळव, त्या फिल्टरनं एकदा पाणी ओढलं की रॉड वाकतो आणि अप्पा खरे ठरतात.

फिल्टरचंच निघालं म्हणून, काळ्या मातीची धूळ आणि दिवाळीनंतर जिनिंगचा कापूस उडत असतो तो काळ, फिल्टर दर आठवड्याला काढून बघ. सुपरचार्जर आधीपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो, धूळही तितकीच. तेल लावायचा फिल्टर नको, सुका चांगला.

तरीही वरती बसणारंच घ्यायचं असेल तर घे, माझी ना नाही, पण त्यातला इंटरकूलर पाण्यावर चालतो, मंग ते पाणी थंड करणारा पुढचा हीट एक्स्चेंजर किटमधला नको, मोठा, पंख्यांसकट, आणि पाण्याचा पंप जोरकस. त्या पाण्याच्या लूपमध्ये बोअरचं पाणी टाकू देऊ नको कोणाला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल कशी पांढरी होते माहितीये ना, तसंच आत होतं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात कूलंट. इथे पाणी गोठायची भीती नाही, म्हणून या लूपला कूलंट ३० टक्के पुरे, पाणी जास्त असलं की उष्णता जास्त नेतं, कूलंट गंजू नये म्हणून. मेन रेडिएटर आणि ऑईल कूलर पण मोठे करायचे, हे आधी, किट नंतर. उलट क्रमानं करणारे खूप बघितलेत.

आता इंजिन. या ५ लिटरच्या इंजिनाला कॉयोट म्हणतात, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला आहे, ब्लॉक मजबूत आहे, म्हणून तर लोक सुपरचार्जर लावतात. दुखणं आहे ऑईल पंपाच्या आतल्या गिअरचं. ते पावडर मेटलचे असतात, म्हणजे धातूची भुकटी दाबून बनवलेले. साध्या गाडीत जन्मभर जातात. पण पॉवर वाढवली, चाकं स्लिप झाली, आरपीएम लिमिटरवर धडधड आपटला की क्रँकमधून झटके येतात आणि गिअरला चीर जाते. ऑईलचा दाब क्षणात शून्य, आणि ऑईलशिवाय ६ हजार आरपीएमला इंजिन किती वेळ चालणार ते तूच सांग. म्हणून बिलेट स्टीलचे, म्हणजे अखंड ठोकळ्यातून कापलेले गिअर टाकायचे आणि सोबत क्रँकचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) बदलायचा. पार्ट तसे महाग नाहीत, मजुरी लागते, कारण पुढचं टायमिंग कव्हर पूर्ण उतरवावं लागतं. किट बसवताना इंजिनाचा पुढचा भाग तसाही उघडतोच, तेव्हाच करून घे, नंतर करू म्हणालास की ते होत नाही. "एवढ्या पॉवरला लागत नाही हो" असं गॅरेजवाला म्हणेल, तरी कर.

क्रँकच्या पुलीचंही असंच. त्या पुलीच्या आत रबर असतं, ते क्रँकची थरथर खातं. हलकी, चकचकीत, नुसती ॲल्युमिनियमची पुली कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नको. बदलायचीच तर डॅम्पर असलेलीच. आणि बेल्ट घसरतो की नाही ते बघ, शेतात इंजिनाचा पट्टा घसरला की कसा करपल्याचा वास येतो आणि पाणी कमी पडतं, अगदी तेच इथे होतं, बूस्ट चढतो चढतो आणि वरच्या आरपीएमला पडतो. मंग लोक त्याला बारीक पुली लावतात बूस्ट वाढवायला, बेल्ट अजून घसरतो, हवा अजून तापते. घसरत असेल तर टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारा भाग) आणि बेल्टचा संपर्क बघायचा, पुलीला हात लावायचा नाही.

स्पार्क प्लग थंड रेंजचे, म्हणजे स्वतःची उष्णता लवकर सोडणारे टाक, एक पायरी थंड, आणि गॅप कमी करून. मूळचा गॅप सव्वा मिलिमीटरच्या वर असतो, बूस्टखाली एवढ्या गॅपमध्ये ठिणगी विझते, पाऊण ते ०.९ मिलिमीटर ठेव. ऑईल कॅच कॅन (ऑईलचं धुकं अडवणारा डबा) लाव, कारण इंजिनातलं ते धुकं इनटेकमध्ये गेलं की ऑक्टेन अजून पडतं, आणि आपल्याकडे पाडायला शिल्लक नाहीये. ऑईल पूर्ण सिंथेटिक, या इंजिनात साडेसात लिटरच्या वर लागतं, कंपनी ५डब्ल्यू-२० सांगते, मी आपल्या उन्हात बूस्टवर ५डब्ल्यू-३० वापरेन, ट्यूनरला विचारून, आणि बदलायचा कालावधी निम्मा.

गिअरबॉक्सची फार चिंता नको, ती सहा स्पीडची ऑटोमॅटिक बऱ्यापैकी दणकट आहे, फक्त तिचं ऑईल आयुष्यभर चालतं असं कोणी म्हणालं तर हसून सोड, बदलून घे, वेगळा कूलर लाव. ब्रेकचं ऑईल ताजं, पॅड चांगले, टायरवरची तारीख बघ, सेकंडहँड गाडीत टायर नवे दिसतात आणि असतात सहा वर्षांचे.

आता खरा कळीचा आकडा, बूस्ट किती. ६७० चा नाद सोड. तो आकडा त्यांच्या पेट्रोलवर, त्यांच्या हवेत. ही गाडी अमेरिकेत ४३५ ची होती आणि २०१६ मध्ये इथे आली तेव्हा ४०० च्या आसपास पॉवर घेऊन आली, कंपनीनंच आपल्या बाजारासाठी हात आखडता घेतला होता. तू ५-६ पीएसआयवर थांब, सुपरचार्जरवर मोठी पुली लावून बूस्ट कमी करता येतो. टायमिंग जरा मागे, साधारण ५२०-५५० हॉर्सपॉवर क्रँकवर धर. सावद्याहून फैजपूर, भुसावळ करत जळगावला जायला ते पण वापरून होणार नाही, रस्त्यात केळीचे ट्रक आहेत.

ट्यून मात्र मेलवर आलेल्या फाइलवर नको. फाइल सुरुवात म्हणून ठीक, पुढे पुण्या-मुंबईत चांगला डायनो (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजायचं यंत्र) बघून, आपल्याच पंपाचं पेट्रोल टाकीत घेऊन ट्यून करून घे. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये काढलं, पण ते निवडक शहरांत. पुण्यात ट्यून करताना टाकीत ते भरलं आणि घरी येऊन सावद्याच्या पंपावर साधं भरलं तर तू ट्यून कोणासाठी केलीस? जे कायम मिळणार तेच पेट्रोल टाकीत पाहिजे.

किट ऑर्डर करायच्या आधी एक काम, सगळ्याच्या आधी: कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते, आठही सिलिंडर, आकडे कागदावर. सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकानं काय केलं देवाला माहीत. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांच्या वर कमी आला तर किटचे पैसे इंजिनात जातील, समजून चाल. आणि किट राइट-हँड ड्राइव्हला बसतं हे विकणाऱ्याकडून लेखी घे, कारण स्टीअरिंग आणि ब्रेक बूस्टर इकडच्या बाजूला आला की पाइपांची जागा बदलते. ऑस्ट्रेलियात ही गाडी राइट-हँडमध्येच विकली जाते, तिथल्या लोकांनी कोणतं किट लावलंय ते बघ. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे एखादा गॅस्केट तुटला तर वाट बघायची तयारी ठेव, जे जे उघडणार त्याचे गॅस्केट किटसोबतच मागव.

कायद्याचं पण सांगतो, आवडणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. एका बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, कलम १८२ए. त्याहून मोठी गोष्ट इन्शुरन्स, न सांगता इंजिनात बदल केले आणि अपघात झाला तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं, आणि समोरच्याला लागलं असेल तर तो खर्च तुझ्या घरावर येऊ शकतो. अप्पांना भीती इंजिनाची आहे, तू त्यांना हेही सांग, लपवू नको, कारण गाडीच्या आरसीवर बहुतेक त्यांचंच नाव असेल. जोर काढायचाच तर तुझ्यापासून फार लांब नाही, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, २०२१ मध्ये सुरू झालेला. शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा करत पोचतोस. गाडी कंपन्या तिथे टेस्टिंग करतात, मालकांचे स्पीड इव्हेंटही तिथे झालेत. तिथेही पहिल्याच फेरीला फुल देऊ नको, अशा लंबगोल ट्रॅकवर मिनिटांमागून मिनिटं थ्रॉटल दाबून ठेवणं हे ड्रॅग रेसच्या दहा-बारा सेकंदांपेक्षा इंजिनाला फार जड जातं, ऑईलचं टेम्परेचर बघत बघत वाढव.

शेवटी वेळेचं. लोक काय करतात, दिवाळीत पैसे हातात येतात, डिसेंबरात पुण्याला जाऊन थंड हवेत ट्यून करून येतात, पेपरवर ग्राफ सुंदर येतो, आणि मे मध्ये भुसावळला गाडी नॉक करते. तू दिवाळीला किट बसव हरकत नाही, पण ट्यूनरशी आधीच ठरव की एप्रिलमध्ये गाडी पुन्हा डायनोवर येणार, दुपारी, बोनेट बंद करून, समोरचा मोठा पंखा नेहमीपेक्षा कमी ठेवून. आणि मधल्या काळात सावदा-जळगाव साधं चालवताना लॉग (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची नोंद) घेत जा, इनटेकचं टेम्परेचर, नॉक रिटार्ड (नॉकमुळे टायमिंग किती मागे गेलं), ऑईल प्रेशर, लॅम्डा. पहिले दोन-चार लॉग मला पाठव, बघून सांगतो, फक्त नॉकचा कॉलम कापून पाठवू नको.